परदेशी सत्राचे गुण आणि आपली मोजपट्टी

महोदय,

विद्यार्थी देवाणघेवाण कार्यक्रमातून एखादे सत्र परदेशी विद्यापीठात करून आलेल्या मुलामुलींशी शिक्षक म्हणून माझा नेहमी संबंध येतो. परतल्यावर बहुतेकांचा निवाडा तयार असतो. कोणी म्हणते, खरे शिक्षण तिथेच. कोणी म्हणते, तिथे शिकवतच नाहीत, आठवड्याला एका विषयाचे दोन-तीन तास, बाकी आपले आपण. दोन्ही मते प्रामाणिक असतात, पण घाईची.

पाहुण्याला घरातली धुणीभांडी दिसत नाहीत. यजमान विद्यापीठात या मुलांना निवडक विषय घेता येतात, अडचण आली तर आंतरराष्ट्रीय विभाग मदतीला असतो, आणि पुष्कळदा तिथे नुसते उत्तीर्ण झाले तरी भागते. आपल्या विद्यापीठात मात्र सक्तीचे विषय, पुनर्परीक्षा, कार्यालयातल्या खेपा असे सगळेच वाट्याला आलेले असते. अशा दोन अनुभवांवरून कोणते विद्यापीठ चांगले हे ठरवणे कोणावरही अन्याय करणारे आहे.

तासांचेही तसेच. युरोपीय श्रेयांक पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक असतात आणि एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम. त्यात व्याख्यानाबरोबर वाचन, लेखन, परीक्षेची तयारी सगळे धरलेले असते. म्हणजे पाच श्रेयांकांचा विषय १२५ ते १५० तासांचा. आठवड्याला तीन तास याप्रमाणे बारा आठवड्यांत वर्गात जेमतेम ३६ तास होतात; उरलेले विद्यार्थ्याने स्वतः भरायचे असतात. ‘तिथे शिकवत नाहीत’ म्हणणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हेच तास सुटतात. तुलना करायचीच तर वाचनाची यादी सत्राच्या सुरुवातीला मिळते का, निबंध तपासून त्यावर शेरे लिहून परत येतो का, याची करावी. माझ्या मते विद्यापीठाचा कस तिथे लागतो.

पण हे पत्र लिहिण्याचे मुख्य कारण गुणांचे आहे. ब्रिटनमध्ये पदवीला साधारणपणे ७० टक्क्यांना पहिला वर्ग मिळतो आणि त्याच्या वर वर्गच नाही. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी, ४.० पर्यंत उत्तीर्ण. जिथे हुशार मुलांना सर्रास ८५-९० टक्के पडतात, तिथल्या गुणपत्रिकेत हे ७० जसेच्या तसे उतरवले, तर वर्गातल्या उत्तम विद्यार्थिनीची सरासरी खाली येते. तिने तिथे जास्त मेहनत घेतलेली असते आणि शिक्षा मात्र तिलाच होते! पुढच्या प्रवेशाला, शिष्यवृत्तीला हीच गुणपत्रिका लागते. हे पाहून मागची मुले अर्जच करत नाहीत किंवा सोपे विषय शोधतात.

यावर उपाय आहे. युरोपीय पद्धतीच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत प्रत्येक श्रेणी किती टक्के विद्यार्थ्यांना मिळते याचे तक्ते दोन्ही विद्यापीठांनी ठेवावेत आणि त्यावरून रूपांतर करावे, असे सांगितले आहे. असा तक्ता नसेल तर परदेशी सत्राचे फक्त श्रेयांक धरावेत, गुण सरासरीत घेऊ नयेत. यांपैकी जो मार्ग विद्यापीठ स्वीकारेल, तो विद्यार्थी निघण्यापूर्वी अभ्यास-करारात, म्हणजे परदेशात कोणते विषय घ्यायचे हे विद्यार्थी आणि दोन्ही विद्यापीठे मिळून ठरवतात त्या करारात, लेखी नमूद व्हावा. परतल्यावर दारोदार फिरून मिळवायची ती सवलत नव्हे.

— एक प्राध्यापिका