फोनवरचे वर्तमानपत्र बोलते करणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर प्रणाम.

आपले नाव कोठेही लिहायचे नाही, ही आपली अट मी पाळत आहे. मात्र हे पत्र सर्वांना वाचता यावे असेच लिहावे, असे संस्थेतल्या सगळ्यांचे म्हणणे पडले. आमच्या अंध श्रोत्यांना रोजचे वर्तमानपत्र घरबसल्या फोनवरून ऐकता यावे म्हणून उभारलेली उत्तरयंत्रणा आता सुरळीत चालते आहे. ती आपल्यामुळे चालते आहे, हे त्या श्रोत्यांनाही ठाऊक असले पाहिजे.

आपल्या आधी ज्या पुरवठादाराने हे काम घेतले होते, त्याच्याविषयीचा राग अजून गेलेला नाही. आमचा लँडलाइन नंबर श्रोत्यांना वर्षानुवर्षे तोंडपाठ आहे, तो बदलता येणार नाही, एवढीच आमची अट होती. त्याने आधी खोक्यावर ‘व्हॉइस’ छापलेला एक मोडेम आणून दिला. तो मूळचा डेटा आणि फॅक्स पाठवण्यासाठी बनवलेला, त्यातही आपले बरेचसे काम संगणकावरच्या विंडोजच्या ड्रायव्हर प्रोग्रॅमवर सोपवणारा. आमच्या लिनक्सच्या संगणकावर तो निरुपयोगी ठरला. मग लँडलाइन संगणकाच्या नेटवर्कला जोडणारे उपकरण, म्हणजे गेटवे, आला, आणि खरा मनस्ताप तेव्हा सुरू झाला. श्रोत्याने फोन ठेवला तरी यंत्र बोलतच राहायचे, लाइन सुटायची नाही आणि पुढच्या माणसाला फोन एंगेज लागायचा. तक्रार केली की ‘तुमची लाइनच खराब आहे’ असे उत्तर मिळे. लाइनमनने येऊन लाइन तपासली आणि ती ठणठणीत असल्याचे सांगितले, तेव्हा उत्तर बदलले: ‘तुमच्या म्हाताऱ्या माणसांना बटणे नीट दाबता येत नाहीत.’ पैसे गेल्याचे दुःख आम्ही गिळले असते, हे वाक्य मात्र गिळवले नाही.

आपण आलात आणि गेटवेला हातही न लावता आधी एक साधा फोन मागितलात. तो लाइनला जोडून मला मोबाइलवरून फोन करायला लावलात, मध्येच कट करायला सांगितलेत आणि रिसीव्हर कानाशी धरून बसलात. ‘पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. हा आपला एंगेज टोन. तुमचं यंत्र अमेरिकेतल्या टोनची वाट बघतंय.’ टेलिफोन खात्यात उभी नोकरी केलेल्या माणसाच्या कानाने दोन मिनिटांत सांगितलेली ही गोष्ट आम्हाला आधी कोणीही सांगितली नव्हती. आपल्याकडचा एंगेज टोन ४०० हर्ट्‌झचा, तर यंत्र कारखान्यातून आले तसेच ४८० आणि ६२० हर्ट्‌झ एकत्र, अर्धा सेकंद चालू आणि अर्धा सेकंद बंद, असा टोन शोधत होते. काही एक्स्चेंज समोरच्याने फोन ठेवल्यावर लाइनचा प्रवाह क्षणभर तोडतात किंवा उलटवतात. जिथे तसे होत नाही, तिथे हा टोन हीच फोन ठेवल्याची एकमेव खूण असते. म्हणून असे यंत्र निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा की त्याला फोन ठेवल्याचे कळते कशावरून आणि तिथले आकडे आपल्याला बदलता येतात का, हे आपण सांगितलेत ते आता आमच्या दप्तरात लिहून ठेवले आहे.

बटणांचा आरोपही आपणच खोडून काढलात. प्रत्येक बटणाचा आवाज दोन सुरांचा असतो, ५ या आकड्याचा ७७० आणि १३३६ हर्ट्‌झचा, आणि बोलणे आकसून पाठवणाऱ्या जी.७२९ या कोडेकमधून, म्हणजे आवाज आकड्यांत बदलण्याच्या पद्धतीतून, जाताना हे सूर बिघडतात. संस्थेच्या आतल्या आत, काही हातांच्या वायरवर, अशी काटकसर करण्याचे कारणच नव्हते. आपण बोलणे तसे न आकसणारा जी.७११ कोडेक लावलात आणि बटणे ओळखली जाऊ लागली. आमची म्हातारी माणसे पहिल्यापासून बरोबरच दाबत होती.

एवढे झाल्यावर आपण निघाला असतात तरी आम्ही आपले ऋणीच राहिलो असतो. पण आपण आमच्या एका श्रोत्याला, निवृत्त शिक्षकांना, बोलावून घेतलेत आणि काहीही न सांगता त्यांच्या हाती फोन दिलात. त्या फोनची बटणे रिसीव्हरवरच होती. सरांनी तो कानापासून खाली आणला, अंगठ्याने ५ वरचा उंचवटा शोधला, तिथून चाचपत ७ वर गेले, बटण दाबले आणि फोन पुन्हा कानाशी नेला. तोवर पुढचे वाक्य निम्मे होऊन गेले होते. आपण विचारलेत, ‘सर, कानाशी न्यायला किती वेळ लागतो?’ सर म्हणाले, ‘दोन सेकंद दिलेत तर पुष्कळ झाले.’ आपण प्रत्येक वाक्याआधी दोन सेकंदांची शांतता घातलीत, बटणासाठी थांबण्याची वेळ वाढवलीत आणि ‘एक दाबा, बातम्यांसाठी’ हे वाक्य उलटवून ‘बातम्यांसाठी एक दाबा’ असे आमच्याकडून पुन्हा ध्वनिमुद्रित करून घेतलेत, कारण शेवटी ऐकलेला आकडा बोटापर्यंत टिकतो.

काका, या दोन सेकंदांसाठीच मी हे पत्र लिहायला घेतले. ते कोणत्याही कोटेशनमध्ये नव्हते, त्यांचे कोणी पैसे देणार नव्हते. आपल्या कामाची अशी जाण असलेली माणसे टपाल खात्यात, एसटीच्या आगारात, वीजमंडळाच्या उपकेंद्रात आयुष्य काढतात, गाजावाजा न होता निवृत्त होतात आणि कोणी हाक मारली तर पिशवीत टेस्टर घालून निघतात. त्यांच्यावर या राज्याचे किती काम चालले आहे, याची दखल फारशी घेतली जात नाही.

आपण नवे काही विकत घ्यायला लावले नाहीत. संगणकात बसवायचे चार लाइनींचे कार्ड कोणी सुचवले होते, तेव्हा त्याला लागणारा जुना पीसीआय स्लॉट आता नव्या संगणकांत मिळत नाही, वेगळा गेटवे मात्र संगणक बदलला तरी तसाच चालतो, असे सांगून आपण आमचा खर्च वाचवलात. गेटवेचा दुसरा पोर्ट रिकामा आहे आणि सकाळी श्रोत्यांची गर्दी होते, म्हणून विश्वस्तांनी दुसऱ्या लाइनसाठी अर्ज केला आहे. ती जोडायच्या दिवशी आपण यावे, आणि या वेळी तरी प्रवासखर्चाचे पाकीट टेबलावर ठेवून जाऊ नये, ही विनंती.

आपली नम्र,
संस्थेची कार्यवाह