अर्ध्या वाटीचं जेवण

रत्नागिरी,
१० मे

प्रिय बाबल्या,

सप्रेम नमस्कार.

वजन उतरवण्यासाठी केलेल्या तुझ्या स्लीव्हच्या (जठर लहान करण्याच्या) ऑपरेशनला सहा आठवडे झाले. पातळ झालं, घोटलेलं झालं, मऊ झालं, आणि आता डॉक्टरांनी घरचं जेवण हळूहळू सुरू करायला सांगितलंय. तू विचारलंस, "किती खाऊ?" किती ते सांगतोच, पण त्याआधी काय आणि कसं हे बघावं लागेल, कारण तुझं नवं पोट सगळ्याच अन्नाला सारखं अडवत नाही.

या ऑपरेशनमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. उरते ती केळ्यासारखी निमुळती नळी, साधारण शंभर-दीडशे मिलिलिटरची. भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होत असे, म्हणून सध्या तुला जेवायची आठवण करून द्यावी लागते. ही सवलत कायमची नाही. पुढे भूक बऱ्यापैकी परत येते, आणि तोपर्यंत लागलेल्या सवयीच मग कामाला येतात. दुसरं म्हणजे नळीत घट्ट अन्न थांबतं, पातळ आणि विरघळणारं सरळ खाली उतरतं. अर्धी वाटी सुरमई खाल्लीस तर तीन-चार तास काही नको वाटेल. पण चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन संध्याकाळभर बसलास तर डबा रिकामा होईल आणि पोट एकदाही ‘बस’ म्हणणार नाही. चहात बुडवलेली खारी, बटर, फरसाण, आंबापोळी, आइस्क्रीम ही सगळी याच जातीची. ऑपरेशननंतर दीड-दोन वर्षांनी वजन पुन्हा चढतं, ते बहुतेक वेळा ताटातल्या जेवणाने नाही, येताजाता तोंडात टाकलेल्या असल्या जिनसांनी.

आता मापाचं. ‘वाटी’ या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. एकाच मांडणीवर शंभरची वाटी असते आणि दोनशेचीही. बाळाच्या दुधाची बाटली असेल कुणाकडे तर माग, तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा असतात. तुझी वाटी पाण्याने भर, पाणी बाटलीत ओत आणि आकडा बघ. एक वाटी ठरव, तीच कायम तुझी. आत्ता एका वेळी ८० ते १०० मिलिलिटर पुरे, म्हणजे पाच-सहा सपाट टेबलस्पून. तीन महिन्यांनी शंभर-सव्वाशे, सहाव्या महिन्यात दीडशेच्या आसपास, वर्षाने दोनशे ते अडीचशे. त्यापुढे ते वाढू द्यायचं नाही. हे आकडे माणसागणिक थोडे इकडेतिकडे होतात. तुझ्या डाएटिशियनने दिलेल्या कागदावर वेगळं असेल तर तोच कागद खरा. तीनशे-चारशे रुपयांचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मात्र घेऊन टाक. माशाची तुकडी डोळ्यांनी तोलता येत नाही.

त्या वाटीत आधी प्रथिनं, मग भाजी, आणि जागा उरली तर भात. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा, भाताचा डोंगर आणि त्याला मासा तोंडी लावणं, त्यामुळे सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं होईल. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. अंडं एक, सहा ग्रॅम. दूध २०० मिलिलिटर, तेही सहाच्या आसपास. शिजलेली सुरमई किंवा बांगडा ६० ग्रॅम, बारा-तेरा. पनीर ४० ग्रॅम, सात. आता जुळव: सकाळी एका अंड्याची मऊ भुर्जी, अकराला दुधात प्रोटीन पावडरचा एक डाव (वीस-बावीस ग्रॅम, डब्यावर बघून घे), दुपारी आणि रात्री साठ-साठ ग्रॅम मासा, साडेचारला पनीर. पासष्ट भरले. पावडर न घेता हे पहिल्या काही महिन्यांत कठीण जातं, कारण पोटात तेवढी जागाच नसते, तेव्हा पावडर घ्यायला लाजू नकोस. प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि केसगळती वाढते. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस थोडे जातातच, ते बहुधा परत येतात. त्याला घाबरून तेलं विकत घेत बसू नकोस.

मासे कुठले, हे तुला मी काय सांगायचं! तरी मुडदुशीपासून सुरुवात कर. आजाऱ्याला आणि बाळंतिणीला तीच देतात ते उगाच नाही, मऊ असते आणि सहज उतरते. नंतर पापलेट, सुरमई. ओले बोंबील मऊ खरे, पण त्यांत पाणीच फार, प्रथिनांचा हिशेब त्यांच्यावर सोडू नकोस. मांदेली, तारली, करली काट्यांमुळे थोडी लांब ठेव. सध्या प्रत्येक घास चावून लगदा करायचाय, त्यात काटे शोधणं नको. कोळंबी दोन मिनिटं जास्त शिजली की रबर होते आणि नळीच्या तोंडाशी अडते, तेव्हा बारीक चिरून, नुकती शिजलेलीच घे. तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवांना तीन महिने तरी थांब. चिंबोरीला मात्र माझी पूर्ण संमती आहे. मांस मऊ, प्रथिनं भरपूर, आणि नांग्या फोडून मांस कोरून काढेपर्यंत घासाघासात आपोआप मिनिटभर जातं.

तळलेली तुकडी नको, रव्याचं कडक कवच टोचतं आणि तेलाने मळमळतं. तव्यावर थेंबभर तेलात परत, किंवा कमी तिखटाचं तिखलं, म्हणजे माशाचं घट्ट कालवण, करायला सांग. माशाच्या साराचं मात्र जपून. तुकडा खायचा, सार वाटीतच ठेवायचं. नारळाच्या वाटणाचं सार प्यालास की घट्ट अन्नाला धक्का बसतो आणि कॅलरी नकळत जातात. फ्रिजमधला मासा दुसऱ्या दिवशी गरम केला की कोरडा पडतो. अडकायच्या बहुतेक तक्रारी असल्या कोरड्या माशाच्या, कोरड्या चिकनच्या, नाहीतर गोळा होणाऱ्या चपाती-पावाच्या असतात. चिकट भाताचाही गोळा होतो. त्यापेक्षा घावन किंवा आंबोळी चावून नीट विरते, पण ती अर्धीच, आणि शेवटी.

घास छोट्या चमच्याने. चमचा खाली ठेवायचा, वीस-पंचवीस वेळा चावायचं, गिळायचं, मग पुन्हा चमचा हातात. जेवण वीस ते तीस मिनिटांत संपायला हवं. दहा मिनिटांत संपलं तर उलटीची तयारी ठेव. आणि तासभर चालत असेल तर तीही एक पळवाट आहे, कारण आधीचं खाली उतरत राहतं आणि तू वरून भरत राहतोस. अर्ध्या तासाने वाटीत काही उरलं असेल तर ते उरू दे.

पोट भरल्याची खूण तुला नव्याने ओळखावी लागेल. पूर्वीसारखा तट्ट फुगा लागणार नाही. छातीच्या मधल्या हाडाखाली दाब जाणवतो, एकदम उचकी लागते, नाक गळायला लागतं, किंवा ढेकर येते. यांतलं काहीही झालं की तिथेच थांब, हातातला घाससुद्धा ताटात परत. पुढचा एक घास दुखणं आणतो आणि त्याच्या पुढचा उलटी. अन्न अडकलंच तर तोंडाला चिकट लाळ सुटते, फेस येतो. त्यावेळी लोक हमखास पाणी पितात आणि हमखास चुकतात. वरून पाणी पडलं की ते उतरायला जागा नसते, सगळं उलटून येतं. काही न पिता उठ, अंगणात फेऱ्या मार, थोड्या वेळात बहुधा उतरतं. त्या दिवशी पुढचं जेवण पातळ ठेव.

पाणी हा तर स्वतंत्र विषय, त्यात देवगडचा मे महिना. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. उरलेल्या वेळात दीड ते दोन लिटर बसवायचं, तेही घोट-घोट, कारण एका दमात पेला रिचवणं आता जमणार नाही. अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या सकाळीच भरून ठेव. पहिली जेवणाआधी, दुसरी चहाच्या वेळेपर्यंत, तिसरी रात्रीपर्यंत संपली पाहिजे. कलमांच्या बागेत जाणार असशील तर चौथी बरोबर ने. लघवी गडद झाली, उभं राहताना अंधारी आली तर पाणी कमी पडतंय. रक्तदाबाच्या नाहीतर साखरेच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा डोसही डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घे. वजन उतरतं तसा जुना डोस जास्त होतो. शहाळं चालेल, पण एकाच वेळी अख्खं नाही. आमसुलाचं पाणी मीठ-जिरं घालून उत्तम, बाटलीतलं साखरेचं कोकम सरबत नको. सोलकढी जेवणाच्या शेवटी प्यायची आपली रीत आता बंद. प्यायचीच तर अर्ध्या तासाने, पातळ, अर्धी वाटी. सोडा आणि बाटलीतली फसफसणारी पेयं नकोतच, आणि ताडी-माडीचं तर नावच काढू नकोस. दारू आता झपाट्याने रक्तात चढते आणि पूर्वीच्या अंदाजाने घेतलेली अंगावर येते.

हापूसचं तू मुद्दाम लिहिलं नाहीस, पण विचार मनात असणारच. शंभर ग्रॅम गरात पंधरा ग्रॅमच्या आसपास साखर असते. प्रथिनांचं जेवण झाल्यावर दोन-तीन फोडी, चावून, चालतील. आमरस नाही. वाटीभर रसात दोन आंबे सहज जातात आणि तो पातळ म्हणून पोट त्याला अडवतही नाही. एकदम जास्त गोड आतड्यात उतरलं तर पंधरा-वीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब. हे पोटाच्या बायपासवाल्यांना जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं. दोन-तीन तासांनी साखर खाली येऊन हात थरथरतात ते वेगळं. फणसाचे गरे आणि शेवग्याच्या शेंगा चोथ्यामुळे सध्या नकोत. काजू दहा म्हणजे ८०-९० कॅलरी, आणि दहावर थांबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मोजून वाटीत काढ, बरणी परत फळीवर.

गोळ्यांत गल्लत करू नकोस. मल्टिव्हिटॅमिन रोज. कॅल्शियम सायट्रेट घे, कार्बोनेट नको, त्याला पोटातलं आम्ल लागतं आणि ते आता कमी आहे. दिवसाचं बाराशे ते पंधराशे मिलिग्रॅम, एका वेळी पाचशे-सहाशेपेक्षा जास्त नाही. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा नाही. बी-१२ आणि डी-३ डॉक्टरांनी दिलंय तसं. रक्ततपासणी तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी, आयुष्यभर. अंगदुखीला दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊन खाऊ नकोस. शिवलेल्या पोटात अल्सर होऊ शकतो.

आणि हे वहिनींना वाचून दाखव. उलट्या दिवसभर थांबल्या नाहीत, पाण्याचा घोटही टिकेना, तर आधी सर्जनला फोन. गावातल्या दवाखान्यात सलाईन लावायची वेळ आली तर डॉक्टरांना ऑपरेशन झाल्याचं ठणकावून सांगायचं आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१, द्यायला सांगायचं. सतत उलट्यांनी शरीरातलं थायमिन काही आठवड्यांत संपतं, आणि त्यावर नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. एकाची दोन दिसणं, चालताना झोक जाणं, बोलण्यात घोटाळा, ही त्याची लक्षणं. ताप, नाडी मिनिटाला १२० च्या वर, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढतं दुखणं असेल तर एक रात्रही घरी काढायची नाही.

आग्रहाचं सांगू? चाकरमानी आलेत, लग्नसराई आहे, काकी तर "एवढंच?" म्हणणारच. त्यांना हिशेब पटवत बसू नकोस. "डॉक्टरांनी बजावलंय" एवढं पुरतं. लग्नाला घरून खाऊन जा, पंगतीत न बसता वाढायला उभा राहा. घरी ताट आतूनच वाढून आणायचं, पातेलं समोर ठेवायचं नाही. पोरांच्या ताटात उरलेलं संपवायची तुझी जुनी खोड आहे. ते उरलेलं आता मांजराचं.

शेवटचं, आणि हे याच महिन्यात करण्यासारखं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. तुझे प्रथिनांचे नेमके महत्त्वाचे महिने. चांगली सुरमई मिळाली की काटा काढून साठ-साठ ग्रॅमच्या तुकड्या कर, एकेक वेगळ्या पिशवीत, वर तारीख. बांगडा साठवू नकोस, त्याचं तेल लवकर खवट होतं. पावसात वीज आठ-आठ तास जाते, म्हणून दोन-तीन आठवड्यांपुरतंच ठेव, आणि एकदा बर्फ सुटलेला मासा पुन्हा गोठवायचा नाही. बाकी दिवसांना अंडी, पनीर, चक्का, मुगाचं मऊ धिरडं आणि कुळथाची पिठी. पिठी नेहमीपेक्षा घट्ट, चमचा उभा राहील अशी, कारण पातळ केलीस तर ती सारासारखीच खाली जाईल. दोन टेबलस्पून पिठात चारेक ग्रॅमच प्रथिनं, तेव्हा तिच्यात पनीर कुस्करून घालायला सांग.

तिसऱ्या महिन्याचा रक्ताचा रिपोर्ट आला की फोटो पाठव. वहिनींना आणि काकींना नमस्कार.

तुझा,
नाना