ज्यांची नावं ठाऊक नाहीत, त्यांचे आभार

२६ जानेवारी १९६६ रोजी ॲडलेडच्या ग्लेनेल्ग किनाऱ्यावर गेलेली बोमाँट कुटुंबातली ९, ७ आणि ४ वर्षांची तीन भावंडं घरी परतलीच नाहीत. आज या शहरात राहणारी एक आई म्हणून, त्यांना शोधणाऱ्या अनोळखी माणसांचे मनापासून आभार.

त्या दिवसांत किनारा पालथा घालणाऱ्यांचे, तिथल्याच पाटावलोंगा या बोटींच्या धक्क्याचं पाणी उपसल्यावर चिखलात उतरून तळ चाचपणाऱ्यांचे. मुलांसोबत एक उंच, सडपातळ माणूस दिसला होता, हे पोलिसांना सांगणाऱ्यांचे. आणि विशेष आभार बेकरीतल्या त्या माणसाचे. मुलांनी एका पौंडाची नोट देऊन खाऊ घेतला, हे त्यांनी नेमकं लक्षात ठेवलं. आईने तर फक्त सुटी नाणी दिली होती! मग नोट दिली कोणी? तपासाला एवढा ठोस धागा क्वचितच मिळाला.

मुलांना तिथे पुरलं असावं या संशयावरून २०१८ मध्ये शहरातल्या एका जुन्या कारखान्याच्या आवारात खणलं, तेव्हा फक्त जनावरांची हाडं निघाली. २०२५ मध्ये तिथेच पुन्हा खणलं, तेव्हाही मुलांचा मागमूस नाही. तरी माती चाळणाऱ्यांनी हात आखडता घेतला नाही. आई-वडील उत्तराविनाच गेले. दहा लाख डॉलरचं सरकारी बक्षीस जाहीर झालेलं आहे. कुणाला काही ठाऊक असेल, तर कृपा करून पोलिसांना सांगा. तुमचेही आभार आत्ताच मानून ठेवते.