हात दाखवा, पण जागा बघून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाकाबंदी म्हटलं की आपल्याकडे चर्चा दोनच गोष्टींची होते: दंड किती आणि तोडपाणी कितीत. गाडी थांबवण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात पोलीस आणि चालक, दोघांचाही जीव टांगणीला असतो, हे मात्र कुणाच्या गावी नसतं. मी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, त्यामुळे हा प्रकार रोज डोळ्यांसमोर असतो.

आमच्याकडे महामार्गावरचा उड्डाणपूल जिथं संपतो, तिथंच खांबाआड वाहतूक पोलीस उभे असतात. उतारावरून गाडी वेगात येते आणि हवालदार एकदम आडवा होतो. दुचाकीवाला दचकून पुढचा ब्रेक आवळतो. कडेला वाळू साचलेली असते, चाक सरकतं, आणि मागून येणाऱ्या डंपरवाल्याला यातलं काहीच दिसत नाही. सावज टिपायला जागा झकास आहे, गाडी थांबवायला अजिबात नाही.

दुसरी खोड किल्ली काढून घेण्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ आणि २०७ मध्ये कागदपत्रं किंवा वाहन ताब्यात घेण्याची तरतूद आहे. चालत्या गाडीची किल्ली ओढण्याची नाही. रात्रीच्या वेळी दुचाकीची किल्ली फिरवली की मागचा दिवा आणि इंडिकेटर दोन्ही विझतात. म्हणजे भर रस्त्यात काळोखात एक गाडी, तिच्यावर बसलेला माणूस आणि शेजारी उभा पोलीस. मागच्या वाहनाला यातलं कोण दिसणार?

याचा शेवट कुठं होऊ शकतो, ते दोन्ही बाजूंनी दिसलेलं आहे. मार्च २०१८ मध्ये तिरुचिरापल्लीजवळ हेल्मेट नसलेलं जोडपं थांबलं नाही म्हणून पोलीस निरीक्षकाने पाठलाग करून दुचाकीला लाथ मारली; मागे बसलेली महिला खाली पडली आणि तिचा जीव गेला. त्याआधी ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खार इथं विनाहेल्मेट अल्पवयीन मुलाला अडवलं म्हणून वाहतूक हवालदार विलास शिंदे यांच्या डोक्यात लाकडी दांडका घातला गेला आणि काही दिवसांनी त्यांचं निधन झालं. दोन्हीकडे मूळ कारण एक हेल्मेट.

चालकांचेही लाड नकोत. पोलीस दिसला की गर्रकन वळून उलट्या दिशेने पळणारे मी रोज बघतो, त्यात हेल्मेट हाताला अडकवलेले महाभाग सगळ्यात पुढे. शंभर-पाचशे वाचवायला समोरून येणाऱ्या एसटीपुढे जायचं, याला काय म्हणावं? हात दिसला की आरशात बघावं, डावा इंडिकेटर द्यावा, हळूहळू कडेला यावं आणि डांबर सोडूनच थांबावं. कार असेल तर चारही इंडिकेटर लावावेत, रात्री आतला दिवा लावावा, काच खाली घ्यावी आणि हात स्टिअरिंगवर ठेवावेत. उजवं दार उघडून रहदारीत उतरू नये. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की परवाना दाखवावाच लागतो, पण २०१८ पासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रं चालतात. डिकी उपसत बसायचं कारण नाही. दंड पटला नाही तर ई-चलानविरुद्ध नंतर दाद मागता येते. भर रस्त्यात हुज्जत घालून आणि 'मला ओळखत नाही का' विचारून चलान रद्द झाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

पोलीस खात्याकडे मागणं मोठं नाही. वळण, उतार आणि पुलाचं तोंड सोडून, लांबून दिसेल अशा ठिकाणी बॅरिकेड लावा. रात्री चमकणारं जॅकेट आणि लाल-हिरवी बॅटन प्रत्येकाकडे असू द्या. एकट्या बाईला निर्जन जागी अडवलं तर तिने इंडिकेटर देऊन, ११२ ला कळवून, सावकाश जवळच्या पेट्रोल पंपापर्यंत जावं की नाही, हे एकदा अधिकृतपणे जाहीर करा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली हा प्रश्न हमखास विचारतात.

आणि आरटीओने एवढं करावं: शिकाऊ परवान्याला चिन्हं-खुणा विचारता, तसं पक्क्या परवान्याच्या चाचणीत एकदा हात दाखवून गाडी कडेला घ्यायला सांगा. आरशात न बघता जागच्या जागी ब्रेक मारणाऱ्याला परत पाठवा.

आपला,
एक वाचक (मोटार ड्रायव्हिंग स्कूलचालक)