सूचना : दिवंगत सभासदांच्या कार्यशाळेतील अवजारांची विक्री

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आपल्या गटातील ज्येष्ठ चाकू-कारागीर काका निवर्तल्यानंतर त्यांच्या सांगलीतील कार्यशाळेतील अवजारे व कच्चा माल विकण्याचे काकूंनी ठरविले असून, ही अवजारे भंगारात न जाता काम करणाऱ्या हातांत जावीत, अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. म्हणून पुढील रविवारी सकाळी प्रथम सभासदांनाच माल पाहता येईल.

ऐरण, भाता, सांडश्या, घण, बेल्ट ग्राइंडर व भोक पाडण्याचे यंत्र विक्रीस आहे. ऐरण पारखायची असल्यास बेअरिंगची गोळी वरून सोडून तिची उसळी पाहावी. ऐरणीच्या पृष्ठावर किंवा कडेवर हातोडा मारू नये. पोलादात ‘ईएन-३१’ या बेअरिंगच्या पोलादाच्या पट्ट्या आहेत, त्यात सुमारे १ टक्का कर्ब असल्याने योग्य पाणी दिल्यास (म्हणजे तापवून व थंड करून कठीण केल्यास) धार उत्तम टिकते. गाडीच्या कमानींचे जुने पाटे मात्र ऊसतोडीच्या कोयत्यांना अधिक योग्य. पण वापरलेल्या पाट्यांत न दिसणाऱ्या भेगा असू शकतात, हे ध्यानात ठेवावे. चिठ्ठी नसलेल्या पोलादाचा प्रकार कोणीही अंदाजाने सांगू नये.

मुठींसाठीचे शिसवीचे ठोकळे विकले जातील. सांबरशिंगाच्या तुकड्यांची मागणी मात्र कृपया करू नये, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्यांचा व्यापार करता येत नाही. त्याबाबत कुटुंबीय वनविभागाशी संपर्क साधत आहेत.

काकूंशी घासाघीस करू नये. दर गटाच्या कार्यवाहांकडे विचारावा, रक्कम तेथेच भरावी आणि जड यंत्रांच्या वाहतुकीची सोय खरेदीदाराने स्वतः करावी.