अमेरिकेतल्या सव्हॅनाहून आई-बाबांना

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबा "बरं, तुझं तू बघ" म्हणाले असते. म्हणून लिहितेय. डिसेंबरात मी परत येत नाहीये. इथला करार आणखी तीन वर्षांचा केला, सोमवारी सहीसुद्धा झाली. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, कळतं मला.

पगार वाढलाय, कर्ज लवकर फिटेल, वर्षाला महिनाभर रजा मिळेल. पण नुसतं तेवढंच असतं तर न्यू जर्सीला मामाजवळच राहिले असते. मला हे गाव सोडवत नाही.

बाबा, तुम्ही इथे रोज फिराल. ओगलथॉर्प नावाच्या इंग्रजाने १७३३ मध्ये गाव वसवलं ते चौक आखून. पुढे त्याच आखणीत चोवीस चौक झाले, त्यातले बावीस अजून आहेत. चौकाचौकात बाकं, मोठाले ओक, आणि त्यांवरून पारंब्यांसारखं लोंबणारं स्पॅनिश मॉस. गुडघा दुखला की बसायचं, पुढचा चौक दोन मिनिटांवर.

१९५४ साली एका चौकातला जुना बाजार पाडून तिथे पार्किंग उभं केलं. पुढच्या वर्षी १८२० च्या डेव्हनपोर्ट घराची पाळी आली, तेव्हा सात बायकांनी पुढे होऊन ते वाचवलं. त्या घराच्या जिन्यात मी बराच वेळ उभी राहिले. आपल्या वाड्याच्या जिन्यावरून तुम्ही मला खांद्यावर बसवून उतरायचात, आणि शेवटच्या दिवशी कठड्यावरचा तो लाकडी गोळा काढून पिशवीत ठेवलात. मी तेव्हा काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं, बाबा.

इथलं सगळंच सुंदर नाही. मार्च १८५९ मध्ये गावाबाहेरच्या शर्यतीच्या मैदानावर ४३६ गुलाम माणसं लिलावाला काढली होती. त्याच वर्षी फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चची इमारत पुरी झाली. तिथल्या तळघराच्या लाकडी जमिनीला भोकं आहेत. पळून आलेली माणसं खाली लपायची, त्यांना हवा मिळावी म्हणून ती पाडली, असं सांगतात. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आई, तुझ्याजवळ येऊन झोपावंसं वाटलं.

एरवी मी नीट जेवते. भात, भेंडी, कोळंबी इथल्या माणसांचंही रोजचंच, आणि हवा तुझ्या माहेरासारखी घामट. तूरडाळ मिळते. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, शेजारच्या आजी चांगल्या आहेत, रात्री नदीकाठी मी एकटी जात नाही.

आता तुमचं. बीपीची गोळी सकाळीच, "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. आई, माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढायचं नाही, म्हणजे नाही. मोतीबिंदूची तारीख याच महिन्यात घ्या, त्या आठवड्यात मी येते, रजा टाकलीय.

आणि मार्चअखेर इकडे या. १७ तारखेला सेंट पॅट्रिकची मिरवणूक असते, लक्ष्मी रोडवरच्या विसर्जनासारखी गर्दी, म्हणून त्यानंतरचं तिकीट काढते. तेव्हा अझेलिया फुललेल्या असतात. आई, लोणचं आणू नकोस, बॅगेत सांडतं. मेतकूट आण.

तुमची,
मनू