सही केली नाही, त्याबद्दल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू दोनदा विचारलंस, "आई, तू त्या अर्जावर सही केलीस की नाही?" नाही केली. पण हे ऐकल्यावर तू जिंकल्यासारखी हसलीस, ते जरा घाईचं झालं. त्या पालकांच्या बाजूची मी नाही, हे खरं. पण पूर्ण तुझ्या बाजूची आहे असंही नाही, आणि फोनवर तुला फक्त हो किंवा नाही एवढंच हवं असतं. म्हणून लिहिते आहे.

अर्जातली मागणी साधी होती. धाकट्याच्या शाळेच्या ग्रंथालयातून काही किशोर-कादंबऱ्या काढून टाकाव्यात, कारण त्यांत नैराश्य आहे, आत्महत्या आहे. अर्ज घेऊन आलेल्या बाईंना विचारलं, वाचल्यात का? "वाचायच्या कशाला, विषय कळतोच की." यादीतली बहुतेक पुस्तकं तुझ्याच कपाटात निघाली. वाचून काढली.

ही भीती नवी नाही. जर्मन लेखक गटेची वेर्थर नावाच्या तरुणावरची कादंबरी १७७४ साली आली. प्रेमभंग झालेला वेर्थर शेवटी स्वतःचा जीव घेतो. तरुण पोरं त्याच्यासारखा निळा कोट आणि पिवळं जाकीट घालून हिंडू लागली, त्याचं अनुकरण करून कोणी जीव दिल्याच्याही गोष्टी पसरल्या, आणि लाइपझिगमध्ये पुस्तकावर बंदी आली. दोनशे वर्षांनी, १९७४ मध्ये, डेव्हिड फिलिप्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने या अनुकरणाला 'वेर्थर परिणाम' असं नाव दिलं. पण गंमत बघ, त्याने कादंबऱ्या तपासल्याच नव्हत्या. त्याने तपासल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गाजलेल्या आत्महत्यांच्या बातम्या, आणि त्यानंतर आकडे वाढतात असं त्याला दिसलं. बातमीबद्दल जे ठामपणे सांगता येतं, ते पुस्तकाबद्दल तितक्या ठामपणे सांगता येत नाही.

आता 'थर्टीन रीझन्स व्हाय'. अमेरिकी लेखक जे ॲशरचं हे पुस्तक २००७ चं. त्यातली शाळकरी हॅना आत्महत्या करते, आणि त्याआधी आपली तेरा कारणं कॅसेटींवर बोलून ठेवते. अर्जात सगळा रोख त्याच्यावर होता, आणि तुला ते सर्वांत आवडतं, म्हणून त्यावरच जास्त बोलते. २०१७ मध्ये त्यावर मालिका आली. पुस्तकात हॅनाचा मृत्यू दाखवलेला नाही, मालिकेने तो सविस्तर दाखवला. पुढे २०१९ मध्ये निर्मात्यांनीच ते दृश्य कापलं. त्याच वर्षी अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला: मालिका आल्यानंतरच्या महिन्यात १० ते १७ वयोगटातल्या आत्महत्यांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे २९ टक्के जास्त होतं, आणि वाढ मुख्यतः मुलग्यांत होती. नंतर दुसऱ्या संशोधकाने तेच आकडे वेगळ्या पद्धतीने तपासले, तेव्हा चित्र तितकं स्पष्ट राहिलं नाही. त्यामुळे "या गोष्टीने मुलं मारली" असं मी म्हणणार नाही. "काहीच होत नाही, आई" हे तुझं म्हणणंही मान्य करणार नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. हॅना मेल्यावरही बोलत राहते. सात कॅसेटींच्या तेरा बाजू, आणि जवळजवळ प्रत्येक बाजूवर तिला दुखावणारा कोणीतरी. ते ऐकतात, घाबरतात, काही रडतात. जिवंतपणी तिचं कोणी ऐकलं नाही, आणि गेल्यावर सगळे ऐकतात. सोळाव्या वर्षी अपमान झालेल्या कुठल्या मुलीला हे गोड वाटणार नाही? पण हा सगळा खेळ टेप सुरू आहे म्हणून चालतो. खऱ्या आयुष्यात गेलेल्या माणसाला कोणाचा पश्चात्ताप पाहायला मिळत नाही. त्याचं म्हणणं तिथेच तुटतं, आणि मागे राहिलेले आपापल्या सोयीने त्याचा अर्थ लावत बसतात. मेलेल्या मुलीला कादंबरीने जी सत्ता दिली आहे, ती कोणालाच मिळत नसते.

दुसरी गोष्ट. तेरा कारणं मांडली की सगळा हिशोब जमल्यासारखा वाटतो. इतका त्रास झाला, म्हणून हा शेवट. यात आजार कुठे आहे? तसाच छळ सोसलेल्या कितीतरी मुली जगतात, आणि काही मुलांना वरवर कसलंच कारण नसताना डिप्रेशन येतं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप बिघडणं, भूक बिघडणं, कशातच मन न लागणं, आपण कुचकामी आहोत असं सतत वाटणं, यातलं फारसं काही हॅनाच्या टेपमध्ये नाही. गुन्हेगारांची यादी मात्र आहे. तुला एक ठाऊक आहे का? ॲशरने आधी हॅना जगते असा शेवट लिहिला होता. पुस्तकाच्या दहाव्या वर्षानिमित्तच्या आवृत्तीत तो छापलाही आहे. मला तो जास्त अवघड वाटतो. जगलेल्या हॅनाला सोमवारी पुन्हा त्याच वर्गात जाऊन बसावं लागलं असतं.

बाकीच्या पुस्तकांतल्या काही सवयींवर फार वेळ घालवत नाही. आजारी मुलगा नेहमी विलक्षण हुशार, कविता पाठ असलेला, आणि दिसायला छान का असतो? आणि त्याच्यावर प्रेम करणारी मुलगी औषधाचं काम का करते? डिप्रेशनमधली खरी मुलं बहुधा कंटाळवाणी दिसतात. केस धुतलेले नसतात, मेसेजला उत्तर नसतं, गणिताचा पेपर कोरा. दुःखी दिसण्यापेक्षा चिडकी जास्त असतात. या वयात उदासीऐवजी चिडचिडच पुढे येते हे डॉक्टरही सांगतात, आणि आईबाप त्याला उद्धटपणा समजतात. पण असला कंटाळा तीनशे पानं कोण वाचणार, ही लेखकाची अडचणही मला कळते. प्रेमाने आजार बरा करण्याचं मात्र माफ करत नाही. सतरा वर्षांच्या मुलीने एखाद्याला जिवंत ठेवायची जबाबदारी घ्यावी, आणि तो नाही राहिला तर तिने आपलं प्रेम कमी पडलं असं समजावं, हे शिकवणारं पुस्तक मला त्या कॅसेटींपेक्षाही भयंकर वाटतं.

अमेरिकी लेखक नेड विझिनीच्या 'इट्स काइंड ऑफ अ फनी स्टोरी'ने मात्र मला धरून ठेवलं. क्रेग, वय पंधरा, जीव तोडून अभ्यास करून नावाजलेल्या शाळेत पोचतो आणि तिथे कोसळतो. बरं वाटतंय म्हणून गोळ्या स्वतःच बंद करतो. मग एका रात्री सगळं असह्य होतं, तेव्हा हेल्पलाइनला फोन करतो आणि चालत जाऊन स्वतःच रुग्णालयात भरती होतो. पाच दिवस. एवढीच गोष्ट, आणि ती हसवते. विझिनी स्वतः २००४ मध्ये असा भरती झाला होता, आणि त्यानंतर लगेच त्याने हे लिहिलं.

तू मागे म्हणालीस की २०१३ मध्ये विझिनी आत्महत्येने गेला हे कळल्यावर तुला ते पुस्तक फसवं वाटू लागलं. मी यावर बराच विचार केला. मला तसं वाटत नाही. हा आजार परत येऊ शकतो, एकदा मिळालेली सुटका जन्माला पुरेलच असं नाही. पण म्हणून २००४ ची ती सुटका खोटी ठरत नाही. मधली वर्षं त्याने खरोखर जगून काढली, पुस्तकं लिहिली, त्याला मूल झालं. आणि पुस्तकातही क्रेग बरा झाला असं कुठे म्हटलं आहे? बाहेर पडला, एवढंच.

अशा निभावून गेलेल्याच्या गोष्टीचा जो परिणाम होतो, त्याला नावही आहे. मोत्सार्टच्या १७९१ च्या 'मॅजिक फ्लूट' या ऑपेरात, म्हणजे संगीत नाटकात, पापागेनो नावाचा पक्षी पकडणारा जीव द्यायला निघतो, तेव्हा तीन मुलं त्याला अडवून त्याच्याकडच्या घंटांची आठवण करून देतात. (मोठ्या माणसाला पोरांनी थांबवलं, हे मला फार आवडतं.) २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी वर्तमानपत्रांतला मजकूर तपासला. ज्यात माणसाच्या मनात तसे विचार आले पण तो त्यातून निभावला, अशा मजकुरानंतर आत्महत्या कमी झालेल्या दिसल्या. त्याला त्यांनी 'पापागेनो परिणाम' म्हटलं. म्हणजे मौन पाळणं हा एकच उपाय नाही.

आणि आता माझा स्वार्थ. ही पुस्तकं मी आई म्हणून वाचली, आणि त्यांत आईबाप शोधत राहिले. बहुतेक ठिकाणी ते नोकरीवर असतात, भांडत असतात, किंवा जेवणाच्या टेबलावर "शाळा कशी होती?" विचारून निघून जातात. मोठी माणसं खोलीत असली तर मुलांना नायक होता येत नाही, हे गोष्टीचं तंत्र झालं. पण मूल तेवढंच वाचून ठरवतं की यांना सांगून उपयोग नाही. अदिब खोर्रमचं 'डेरियस द ग्रेट इज नॉट ओके' म्हणूनच वेगळं वाटलं. बाप आणि मुलगा दोघेही डिप्रेशनच्या गोळ्या घेतात, त्यावरून नाटक होत नाही. आणि एका रात्री बाप मुलाला सांगतो की तू लहान असताना मला मरावंसं वाटत होतं. ते पान मी पुन्हा वाचलं. आपल्या मुलासमोर हे वाक्य उच्चारायला काय लागत असेल!

तर सही न करता मी ग्रंथपालांना चिठ्ठी दिली. पुस्तकं ठेवा, पण कॅसेटींच्या शेजारी क्रेग आणि डेरियसही ठेवा, आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आत हेल्पलाइनचा नंबर चिकटवा. धाकट्याने 'थर्टीन रीझन्स' मागितलं आहे. देणार आहे, पण त्याच्याबरोबर मीही वाचणार आहे.

आता तुझं. तुझ्या विझिनीच्या प्रतीत क्रेगच्या हेल्पलाइनच्या फोनच्या रात्रीचं पान दुमडलेलं आहे. त्यावरून अंदाज बांधत बसणं मला जमणार नाही. असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात विचार घुसत नाही, हे आता अभ्यासांतून दिसलं आहे, म्हणून सरळ विचारते: जगू नये असं तुला कधी वाटलं आहे का? आत्ता वाटतं का? हो असेल तर पत्र लिहीत बसू नकोस, फोन कर, रात्री कितीही वाजले असू देत. मी ओरडणार नाही, आणि बाबांना कधी सांगायचं ते दोघी मिळून ठरवू. डॉक्टरकडे मी बरोबर येईन. नाही असेल तरीही फोन कर. डेरियसचा दुसरा भाग तुझ्याकडेच असणार, तो मला हवा आहे.

तुझी,
आई